बाकावरची अर्धी जागा

"अक्का, शिवानी उठंनाच गेली..." एवढं बोलून भावानं फोन शेजाऱ्याच्या हातात दिला. मी पाथरीत दुकानाचं शटर वर करत होते. झोपेतच फिट आली असावी, असं शेजारी सांगत होता. भावाच्या गावी, वालूरपर्यंत जीपमध्ये कशी बसले, कुणाशी काय बोलले, काही आठवत नाही. महिना होत आलाय. माझी ही भाची पंधरा वर्षांची होती, नववीत होती, म्हणजे शाळेच्या हजेरीपटापुरती होती.

आठवीत असताना, परिपाठात प्रतिज्ञा चालू असताना तिला पहिल्यांदा फिट आली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. पोरगी शुद्धीवर आली तेव्हा ओठाला चपलेची माती आणि भोवती सगळी शाळा. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, खुशाल शाळेत पाठवा, म्हणाले. पण गावानं आपलं निदान आधीच करून ठेवलं होतं. बाकावरच्या मैत्रिणीच्या आईनं येऊन आपल्या पोरीची जागा बदलून घेतली. तिचं बघून दुसरीनं. खिचडीच्या पंगतीत शिवानीच्या दोन्ही अंगाला जागा मोकळी राहायला लागली. मग मुख्याध्यापकांनी भावाला बोलावून सांगितलं, घरीच राहू द्या, परीक्षेपुरतं आणा.

भाऊ माझा गरीब स्वभावाचा, मान हलवून घरी आला. मी मात्र तोंडाची फटकळ. तशीच उठून शाळेत गेले.

"ताई, माझी ना न्हाई," सर म्हणाले. "पालकच ऐकंनात."

"मग त्यांना समजावून सांगा की. सर तुमी हाव का ते?"

घेतलं त्यांनी तिला परत वर्गात. मागच्या बाकावर, दाराजवळ. आपण जिंकलो, असं वाटून मी पाथरीला आले, आणि आठवडाभरात शिवानीनंच दप्तर खुंटीला अडकवलं. विचारलं तर म्हणाली, "आत्या, बाकावर दोघी दोघी बसतेत. मी एकटीच बसायलेय. घरी एकटं बसलेलं लय बरं."

मी तिला माझ्या शिलाईच्या दुकानात घेऊन आले. मशीन चालवायची डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ती हुक लावायची, बटनं टाकायची. गणवेशाचं माप द्यायला पोरी आल्या की माप मी घ्यायची आणि चौकश्या शिवानी करायची. "तुझ्या शेजारी कोण बसती? डबा वाटून खाता का?" त्या पोरी सांगत राहायच्या आणि ही सुईत दोरा घालायचं विसरायची. पुढच्या जूनला पाथरीतच तुझं नाव घालू, असं मी ठरवलं होतं.

"तिथं सांगायचं न्हाई ना आत्या, फिटचं?"

"सांगायचं. चोरी केलीस का तू?"

मग खाली बघून पुन्हा बटनं टाकायला लागायची. संक्रांतीला आईकडं म्हणून वालूरला गेली, ती...

आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. विभूती लावून भिंतीशी बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. बसवलेलं माणूस कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना कुणीतरी खेटून बसावं लागतं. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला तिची आई. आईला भोवळ आली, बायांनी तिला आत नेलं. तेवढ्यात सर वर्गातल्या पोरींना घेऊन आले. मी म्हणाले, "एकजण बसा गं इकडं. धरा जरा तिला." तिची जुनी, बाकावरची मैत्रीण पुढं झाली. सरांनी तिचा दंड धरला. "लांबूनच पाया पड," म्हणाले.

"सर," मी म्हणाले, "आता न्हाई यायची तिला फिट."

सरांनी हात सोडला. पोर मात्र होती तिथंच उभी राहिली. शेवटी मीच हात लांब करून शिवानीचा पलीकडचा खांदा धरला, आणि विधी करणारे स्वामी येईपर्यंत तशीच बसले.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आहे. शिवानी त्यावर पार भिंतीला चिकटून बसायची. ऐसपैस बस की, म्हटलं तर म्हणायची, "असू दे, कुणाला बसायचं असंल तर." दुपारी मशीन थांबवून मी तिथं जेवायला बसते. सगळं बाकडं रिकामं असतं. तरी मी माझ्या अर्ध्यातच बसते... भिंतीकडं सरकत नाही.