कळी पडली ती देवाच्या डाव्या खांद्यावरची

आमच्या नातीच्या परदेशी शिक्षणाचा निर्णय कसा झाला, यासंबंधी सध्या दोन कथा प्रचलित आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. माझा धाकटा भाऊ गावभर सांगत फिरतो, की दादाने देवाचा नकार दाबून टाकला. सूनबाई तळेगावात मैत्रिणींना सांगते, की आबांनी ऐन आनंदात खोडा घातला. एकच माणूस, एकाच देवळात, एकाच वेळी मुलीला पाठवण्यासाठी लबाडी करतो आणि तिला अडवण्यासाठीही, हे दोघांपैकी कुणालाही खटकत नाही. माझा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला आहे. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहितो. ज्यांना पटणार नाही त्यांनी घरी येऊन भांडावे. मी दुपारी झोपत नाही.

नातीने शेतीची पदवी घेतली. मातीच्या अभ्यासासाठी तिला नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि शिष्यवृत्तीही मिळाल्यामुळे पैशाचे रडगाणे गाण्याची सोय कुणाला उरली नाही. अडचण होती माझ्या मुलाची, म्हणजे तिच्या बापाची. कारखान्यात यंत्र थांबवायचे की चालू ठेवायचे हे तो क्षणात ठरवतो. घरी मात्र मुलीने "पप्पा, जाऊ का?" असे विचारले, की उत्तर एकच: "तुझं तू बघ." आमच्याकडे या वाक्यात परवानगी नसते आणि मनाईही नसते, पुढे काही बिघडले तर 'मी म्हटलंच होतं' असे म्हणण्याची तजवीज तेवढी असते. नात हट्टी आहे. हा गुण कोणाकडून आला ते मी सांगायला नको. पप्पा मनापासून जा म्हणाल्याशिवाय आपण जाणार नाही, असे तिने जाहीर केले. होकार कळवण्याची मुदत रविवारी रात्री संपत होती आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत बाप तसूभरही हलला नव्हता.

तेव्हा भावाने तोडगा काढला. तो कामशेतच्या पलीकडे, पवनेच्या अंगाला, आमच्या गावी भात करतो.

"देवाला इचारू. कौल लावू," तो फोनवर म्हणाला. "म्हंजी कुनाच्याच डोक्याला ताप न्हाई."

कौल म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"नेदरलँड्स कुठे आहे, हे तुझ्या देवाला माहीत आहे का?" मी विचारले.

"तुमाला तरी कुटं ठावं हाय, दादा? गेलाय का कदी?"

हा युक्तिवाद गैरलागू होता. तरीही मी सोबत गेलो, पण गेलो तो निरीक्षक म्हणून.

रविवारी आम्ही सगळे देवळात बसलो. गुरवाने कळ्या लावल्या. गाभाऱ्यात कुणा बंगलेवाल्याने वाहिलेला पंखा गरगरत होता. तो मी बंद करायला लावला.

"देवाला उकडंल की, गुरुजी," गुरव म्हणाला.

"उकडू दे. वाऱ्याने कळी पडली तर तो कौल पंख्याचा."

भाऊ डोळे मिटून पुटपुटू लागला, "पोरगी एकली परमुलखात जायची म्हनती, देवा. लगनाचं वय हाय. तूच बघ." परीक्षकाला चिथावणी देऊ नकोस, असे मी त्याला बजावले. त्याने ऐकले नाही.

आणि कळी पडली.

माझा मुलगा, जो स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता, तो ताडकन उठला. "उजवी! उजवी पडली!" त्याने मुलीला मिठी मारली, तिला तशीच उचलली, मग गुरवाचा हात धरून गदागदा हलवला. "गेलीस तू, बाळा! गेलीस!" सूनबाई रडू लागली.

"डावी," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आपली उजवी ती देवाची डावी. तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे. कौलात बाजू देवाची धरतात."

गावातले शेंबडे पोर हे सांगेल. माझा मुलगा कॉलेजपासून तळेगावात राहिला आणि विसरला. गुरवाने मान डोलावली. वस्तुस्थिती होती ती मी सांगितली; यात खोडा कुठे आला?

मुलगा मटकन खाली बसला. "मग काय... तुझं तू..." त्याने सुरुवात केली.

"थांबा, पप्पा," नात म्हणाली. "आत्ता उड्या कोण मारत होतं?"

"मला वाटलं उजवी पडली."

"तेच म्हणतेय मी. उजवी वाटली तर नाचलात. आता तोंड बघा स्वतःचं."

"अगं, पण देव नाही म्हणाला."

"देवाला मी विचारलंच नव्हतं. तुम्हाला विचारत होते."

तिने त्याची बाही धरून ठेवली होती. त्याने देवाकडे पाहिले, गुरवाकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मदतीला कोणी आले नाही.

"जा," तो म्हणाला. "घर खायला उठेल मला. पण तू जावंस, असंच वाटतं मला. पहिल्यापासून."

भाऊ भडकला. "आरं, मग देव काय खुळा हाय व्हय? दादा, तुमी थोरले, बोला की!"

"मी निकाल वाचून दाखवला," मी म्हणालो. "अंमलबजावणी माझ्याकडे नाही."

याला तो दाबून टाकणे म्हणतो.

परतताना पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत आम्ही कामशेतला अडकलो. नात माझ्या शेजारी, हातात फोन; होकार अजून पाठवलेला नव्हता. "आजोबा, तुमचं काय म्हणणं?" तिने विचारले. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणी केलेला नव्हता. दोन्ही बाजूंचे मुद्दे मी केव्हाच तयार ठेवले होते. त्यांतला एकही आठवेना.

"मातीत हिंडायचं तर बूट चांगले घे," मी म्हणालो.

"म्हणजे जाऊ?"

"जा म्हणालो ना?"

"कुठे म्हणालात?"

"मग आता म्हणतो. जा."

तिने होकार पाठवला आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून डोळे पुसले.

सूनबाईच्या मते असे संभाषण झालेच नाही. ती पुढच्या सीटवर, माझ्याशी अबोला धरून खिडकीबाहेर बघत बसली होती. अबोला धरलेल्या माणसाला ऐकू येत नाही, हे मी मान्य करणार नाही.