तिसऱ्या दिवसाची बरणी

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. बोलताना, चालताना, अगदी हसतानासुद्धा तिच्या ओठांत दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून. अठरा वर्षं तिनं कपडेपट सांभाळला. दुसऱ्या अंकात राणी रागारागानं आत निघून जायची आणि दीड मिनिटात भिकारणीच्या वेषात परत यायची. त्या दीड मिनिटात, विंगेच्या काळोखात, बेचाळीस हुक सोडायचे आणि अकरा लावायचे, हे काम टाचणीचं. टाळ्या अर्थात राणीला. पण पडदा पडला की राणी पळत येऊन टाचणीच्या गालाचा मुका घ्यायची आणि गालावर लाल रंग उमटायचा. तो रंग टाचणी घरी पोचेपर्यंत पुसत नसे.

आता तिचं जग सतरा पावलांचं होतं. स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून परसातल्या काकडीच्या वेलापर्यंत सतरा पावलं, आणि तेवढीच परत.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना मोठं आजारपण आलं. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. गोड, तिखट, खारट, काहीच कळेना. "ओला कागद चघळतेय गं मी," त्या म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. महिन्याभरात अंगावरचे कपडे ढगळ झाले. डॉक्टरांनीही हात टेकले. मग एका दुपारी टाचणीनं मऊ भाताच्या घासाबरोबर बरणीतली काकडीची एक चकती सहज त्यांच्या तोंडात ठेवली. कर्रकन आवाज झाला. म्हातारी थबकली. पुन्हा चावली. चव गेली होती, पण आवाज शिल्लक होता. तो कानात घुमला की आपण जेवतोय असं त्यांना वाटू लागलं. त्या दिवसापासून घासागणिक एक चकती. चकती नसेल तर तोंडाला कुलूप.

काकडीची ही बरणी काही वर्षाच्या साठवणीची नव्हे. आज घालावी, फ्रिजमध्ये ठेवावी, उद्या खायला घ्यावी. घरातल्या इतरांना ती दोन आठवडेही चालायची. सासूबाईंना मात्र चौथ्या दिवशी चकती नरम लागायची आणि त्या ती जिभेनं बाहेर ढकलायच्या. म्हणून दर तिसऱ्या दिवशी नवी बरणी. म्हणून टाचणीला दोन रात्रींच्या वर कुठे राहता येत नव्हतं. भाचीच्या लग्नाला निघाली, ती जेवणापूर्वीच परतली. बहिणीकडे गेली, तर चौथ्या दुपारी नवऱ्याचा फोन, "आईनं सकाळपासून काही खाल्लं नाही."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. माणूस सज्जन. त्याच्याकडून वेळ कळायची, मिळायचा मात्र नाही. बरणी कशी घालतात हे त्याला दोनदा शिकवून झालं होतं. दोन्ही वेळा त्यानं काकडीऐवजी बोटच कापलं.

सोमवारी सकाळी कंपनीचे मॅनेजर दारात उभे राहिले. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, पण आवाज तोच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

"टाचणी! जुनं नाटक पुन्हा काढतोय. सहा गावं, सोळा दिवस, बस्स! राणी तीच. वय झालंय, पण हट्ट तोच आहे. म्हणते, हुक सोडेल तर टाचणीच, नाहीतर मी झोपूनच राहते."

"मला नाही जमायचं, साहेब."

"का? हात थरथरतात?"

टाचणीनं हातातल्या काकडीच्या चकत्या पाडून दाखवल्या. सुरी दिसतच नव्हती, नुसता खटखट आवाज.

"मग?"

आतल्या खोलीतून सासूबाईंची घंटी वाजली. मॅनेजरनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गाडी गुरुवारी सकाळी आठला कोपऱ्यावर थांबेल. आलीस तर तुझी खिडकीची जागा. नाही आलीस तरी पाच मिनिटं थांबेन."

ते गेले. टाचणी सुरी धरून तशीच उभी राहिली. दोन वर्षांत ती कुणावर चिडली नव्हती. आता मात्र तिला त्या काकड्यांचा राग आला, वेलाचा आला, घंटीचा आला. आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, कारण ह्या कुलपाची किल्ली कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तिची धाकटी नणंद, घरात सगळे तिला बेबी म्हणत, प्रत्येक बाबतीत हुशार. बेबीचं विणकाम, बेबीचा गळा, बेबीची भाकरी गोल. टाचणीचं कौतुक व्हायचं ते फक्त ह्या बरणीचं. एकदा बेबीनं सगळ्यांदेखत कृती विचारली. टाचणीनं हसत हसत सांगितली: काकड्यांच्या पातळ चकत्या, लसूण, मिरी, मोहरी, शेपूची काडी, पाणी आणि व्हिनेगर सारखं घेऊन मीठ-साखर घालून उकळायचं आणि वरून ओतायचं. सगळं खरं. फक्त हातचं राखून. काकडीचं फुलाकडचं टोक कापून टाकायचं आणि चकत्यांना मीठ लावून तासभर बर्फाखाली दाबून ठेवायचं, हे तिनं सांगितलंच नाही. बेबीची बरणी गचगचीत झाली. घर हसलं. "ते वहिनीच्याच हाताला येतं," सासूबाई म्हणाल्या, आणि तो घरचा कायदा झाला. कपडेपटातही टाचणी कधी कुणाला हुकांचा क्रम शिकवत नसे. आपल्यावाचून अडलं पाहिजे, ही सवय तिनं विंगेतून स्वयंपाकघरात आणली होती. आता सगळं तिच्यावाचून अडत होतं.

मंगळवारी दुपारी तिनं बेबीला बोलावून घेतलं. बेबी आली ती कंबर कसूनच.

"वहिनी, मी राहीन सोळा दिवस. पण आईला जेवायला कोण घालणार? मागच्या खेपेला दोन दिवस मी दिलेली चकती थुंकून टाकली तिनं."

"आज तू कर. मी बघते."

बेबीनं काकड्या धुतल्या, सुरी घेतली. ओठांत टाचण्या असत्या तर निदान गप्प राहायला निमित्त मिळालं असतं.

"थांब. ते फुलाकडचं टोक काढून टाक."

"हे नव्हतं सांगितलंस."

"नव्हतं. आणि मीठ लाव. फ्रीजरमधला बर्फ आण, सगळा. वर ओत आणि तासभर राहू दे."

बेबीनं सुरी खाली ठेवली. "विसरली होतीस?"

"नाही."

बेबीनं चकत्या करून मीठ लावलं, बर्फ ओतला. तास सरत आला. बर्फ विरघळत होता. मग ती हळूच म्हणाली, "हसले त्याचं सोड गं. पण दोन वर्षं मला वाटत होतं, आईला माझ्या हातचंच नकोय. मी घरी जाऊन रडायचे, वहिनी."

ह्याचा विचार टाचणीनं कधी केलाच नव्हता. आपण एकट्याच कोंडलो आहोत असं ती धरून चालली होती. तिनं चकत्या धुऊन निथळत ठेवल्या आणि चुलीवरचं उकळत्या व्हिनेगरचं भांडं बेबीकडे सरकवलं.

"हे तूच ओत."

"ओतते. पण आईला तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं."

बुधवारी दुपारी दोघी ताट घेऊन आत गेल्या. टाचणी पलंगाच्या कडेला बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली: टोक, मीठ, बर्फ, नऊ वर्षं. सासूबाई छताकडे बघत ऐकत होत्या.

"बर्फ?" त्या म्हणाल्या. "म्हणजे दर तिसऱ्या दिवशी तो खडखडाट व्हायचा, तो बर्फ काकडीला होता?"

"हो."

"मला वाटायचं, सरबत करून एकटीच पितेस! दोन वर्षं मनात धरून होते मी. म्हटलं, म्हातारीला एक घोट विचारत नाही ही!"

बेबीला हसू फुटलं. टाचणीला फुटायच्या बेतात होतं, पण अजून घास बाकी होता. बेबीनं चमच्यात भात घेतला, वर चकती ठेवली. म्हातारीनं तोंड उघडलं. टाचणीनं श्वास धरला, जसा ती शेवटच्या हुकापाशी धरायची.

कर्र.

"जाड कापल्यास," सासूबाई चावत चावत म्हणाल्या. "वहिनी पातळ कापते." आणि पुन्हा तोंड उघडलं.

सबंध वाटी संपली. टाचणी पलंगाशी बसून होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आपले हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

गुरुवारी आठ वाजून तीन मिनिटांनी ती कोपऱ्यावर पोचली. मॅनेजर घड्याळ बघत होते. मागे, खिडकीची जागा मोकळी ठेवून, पांढऱ्या केसांची राणी बसली होती.

गाडी हलली तेव्हा टाचणीला एकदम आठवलं, आज तिसरा दिवस, नव्या बरणीचा. तिचा हात दाराच्या कडीकडे गेला. "थांबवा," ती म्हणणार होती. शब्द ओठांवर आला होता. राणीनं तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला.

"काय राहिलं गं?"

"काही नाही," टाचणी म्हणाली. मग पिशवीतून टाचण्यांची डबी काढली, दोन ओठांत धरल्या आणि खिडकीबाहेर बघत बसली.