फ्लॉपीत मावलेलं गोत

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर माझ्या मोठ्या काकांनी जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, वधू-वर सूचक मंडळ काढलं. स्वतः जन्मभर बिनलग्नाचे राहिले, पण दुसऱ्यांची लग्नं जमवण्यात त्यांना जेवणाखाण्यापेक्षा जास्त रस. भोकरदनला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचंही असंच मंडळ होतं. दोघांनी एकमेकांना स्थळं पाठवायची असं ठरलं होतं, पण पोस्टाची पाकिटं पोचेपर्यंत लग्न दुसरीकडेच जमलेलं असायचं. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. मी औरंगाबादेत कम्प्युटरचं शिकून घरी आले होते. पुण्यातल्या नोकरीवर हजर व्हायला अजून वेळ होता आणि जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा नुकतीच शिकल्यामुळे हात शिवशिवत होते. काकांना म्हटलं, "मी करून देते प्रोग्रॅम."

आता यात गंमत अशी, की कम्प्युटर चालू असतो तोवर त्याच्या पोटात प्रत्येक स्थळ हा एक ऑब्जेक्ट असतो. त्यात नाव, शिक्षण, उंची असते आणि नातेवाइकांच्या ऑब्जेक्टकडे नेणारे दुवे असतात. कम्प्युटर बंद केला की सगळं पुसलं. ते जपून ठेवायचं किंवा परगावी धाडायचं, तर मोडून एका ओळीत लावायचं, फाइलमध्ये भरायचं आणि तिकडे होतं तसं पुन्हा उभं करायचं. याला सीरियलायझेशन म्हणतात. काकांना मी मांडवाचं उदाहरण दिलं. इथले बांबू सोडायचे, ट्रॉलीत भरायचे, दुसऱ्या गावात तसेच उभे करायचे.

"बराबर," काका म्हणाले, "पण एखादा बांबू मागं राह्यला तर?"

"जावा एकही मागं ठेवत नाही," मी ऐटीत सांगितलं. ते खरंच होतं.

बाहेरच्या कुणी हा प्रोग्रॅम लिहिला असता, तर मामाचं नाव-गाव दोन शब्दांत टाकून मोकळा झाला असता. मी पडले इथली. मामेकुळ धड नसलेला बायोडाटा आपल्याकडे कुणी वाचत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. म्हणून मी प्रत्येकाला मामा, आत्या, मावशी, काका खरेखुरे जोडून दिले. कुणाच्याही बायोडाटातून त्याच्या मामाच्या घरात शिरता यायचं, तिथून मामाच्या सासुरवाडीला. काका तर हरखूनच गेले, आणि प्रोग्रॅमची एक प्रत भोकरदनच्या मंडळातल्या कम्प्युटरवरही बसली. त्यांनी उत्साहानं आमच्या घरचीही सगळी माहिती भरली, माझ्या उंचीसकट. मला इतक्यात लग्न करायचं नव्हतं, तसं मी त्यांना सांगितलंही होतं. "स्थळ म्हणून न्हाई गं, नातेवाईक म्हणून," ते म्हणाले. "घरचीच माहिती अर्धी कशाला?"

केदारखेड्याला माझी मामेबहीण होती, माझ्याच वयाची, शाळेत शिकवणारी. तिच्या मनात भोकरदनचा एक शिक्षक भरला होता. प्रशिक्षणाला दोघं एका वर्गात होते. बोलणं फारसं झालं नव्हतं, पण मला तिनं सरळ सांगितलं, "केलं तर ह्याच्याशीच करीन. पण रीतीनं. मी होऊन सांगायला जाणार न्हाई." त्या मुलाच्या घरचे भोकरदनच्या मंडळातून मुली बघत होते. म्हणजे तिचं स्थळ तिथं पोचायला हवं होतं, आणि ते पोचवणं माझ्या हातात होतं. मी तिचा एकटीचा ऑब्जेक्ट फाइलमध्ये लिहिला. फाइल जरा लठ्ठ वाटली, पण मला वाटलं फोटोमुळे असेल. ती फाइल भरलेली फ्लॉपी भोकरदनच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली आणि बहिणीला कळवलं, "गेलं बघ तुझं."

पुढच्या रविवारी आमच्या दारात जीप थांबली. त्या मुलाची आई आणि मामा उतरले. मुलगा आला नव्हता, आधी मोठ्यांनी बघायचं होतं. मला वाटलं, मधल्या माणसाला भेटायला आले असतील. मी पाणी दिलं, चहा ठेवला. त्या माउली मला खालपासून वरपर्यंत बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय आम्हाला. कम्प्युटरवाली हाय, आन् चहा बी करती."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. त्या बाईंनी पिशवीतून भोकरदनच्या मंडळानं छापून दिलेले कागद काढले. पहिल्या पानावर माझी मामेबहीण होती. तिच्या आत्याच्या, म्हणजे माझ्या आईच्या, दुव्यानं आमचं अख्खं घर मागोमाग भोकरदनला गेलं होतं, आणि तिकडच्या यादीत जो जो अविवाहित तो तो छापला गेला होता. दुसऱ्या पानावर मी. तिसऱ्यावर माझा पाचवीतला भाऊ. चौथ्यावर काका: निवृत्त शिक्षक, अविवाहित, स्वभाव शांत.

"ह्यांचं बी बघून राह्यले का तुम्ही?" मामांनी विचारलं. शांत स्वभावाचे काका चहाचा कप तसाच ठेवून आत निघून गेले.

मला हसू आवरेना, पण ते फार टिकलं नाही. बहीण तिकडे वाट बघत होती आणि तिनं मनात धरलेल्या घरची माणसं माझ्या घरात बसली होती. मी म्हटलं, "काकू, मला लग्न करायचं नाही. तुम्ही चुकीच्या दारी आलात. जिचं स्थळ पाठवलं ती केदारखेड्याला आहे. तुम्ही तिच्या गावावरूनच आलात."

"पर ती बी शिक्षिका, आमचा बी शिक्षक. घरात काहीतरी येगळं पायजे म्हणून..."

मग मात्र मी ऐकलं नाही. वेगळं म्हणजे काय, ती कशी शिकवते, तिच्या वर्गातली पोरं सुट्टी असली तरी तिच्या घरी कशी येऊन बसतात, सगळं तावातावानं सांगितलं. अखेर मीच त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. "चला, दाखवते," म्हटलं.

केदारखेड्यात बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. झाला प्रकार मी काही लपवला नाही. तिचा चेहरा उतरला. तरी तिनं त्या बाईंना समोर बसून विचारलं, "काकू, हिनं न्हाई म्हणलं म्हणून आल्या का तुम्ही माझ्याकडं?"

मामा चुळबुळले. बाई मात्र खोटं बोलल्या नाहीत. "व्हय," म्हणाल्या. "पर तुझ्यापायी ही पोरगी आमच्याशी भांडली. म्हणलं, बघावं तरी."

"मंग चहा घेऊन जा. माझं मी इचार करून कळवते."

मी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेलं घर ही बया घालवणार, असं वाटलं. जालन्याला परतून मी पहिलं काम केलं ते प्रोग्रॅमचं. नातेवाइकांच्या प्रत्येक दुव्याआधी ट्रान्झियंट हा शब्द लिहिला. म्हणजे फाइल लिहिताना ह्याला सोबत न्यायचं नाही. मामेकुळ साध्या अक्षरांत टाकलं. काका बघत होते. "माझं नाव आधी काढ," एवढंच म्हणाले.

दोन दिवस झाले तरी भोकरदनहून निरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी केदारखेड्याच्या एसटीडी बूथवरून बहिणीचा फोन आला. "माझा होकार हाय."

"अगं, त्यांचा कुठं आलाय अजून?"

"त्यांचा ते सांगतील. मी माझा सांगितला."

आमच्या भागात मुलीकडून आधी होकार द्यायची रीत नव्हती. काका खोलीभर येरझाऱ्या घालत राहिले. मग त्यांनी स्वतःच फोन उचलला, मुलाच्या घरी लावला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मुलीकडून होकार हाय. तुमचं काय ते कळवा."

पलीकडे बराच वेळ बोलणं चाललं होतं. काकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मुलाची आई होती.

"तिला सांग बाई," त्या म्हणाल्या, "आमचं पोरगं परवापासून जेवंना झालं. प्रशिक्षणापासून तीच त्याच्या मनात, आन् आम्हाला त्यानं एका शब्दानं सांगितलं न्हाई. तिला बघून आलो म्हणलं, तवा कुठं तोंड उघडलं. तिकडून काय कळलं, तिकडून काय कळलं, एवढंच इचारून राह्यलाय."