भालचंद्रपंतांचा सा

भालचंद्रपंतांनी पन्नाशी उलटल्यावर गाणं शिकायला घेतलं. शेजारच्या पद्माताई रोज सकाळी तंबोरा छेडून त्यांच्याकडून फक्त सा लावून घेत. तो पक्का बसल्याशिवाय पुढचा सूर द्यायचा नाही, ही त्यांच्या घराची रीत. वर्ष गेलं तरी पंतांचा सा तंबोऱ्याच्या खालीच घुटमळे. बायको विमल म्हणे, "दूधवाला विचारत होता, बाबूजी की दाढ़ दुख रही है क्या?"

तेवढ्यात राज्यांची नव्यानं जोडाजोड झाली आणि पंतांची कचेरी भोपाळला हलली. नोकरीपुढे कुणाचं काय चालतं! सामान लादून तांगा दारात उभा, तरी पंत पद्माताईंसमोर मांडी घालून बसलेले. "ताई, एकदाच."

त्यांनी सा लावला, आणि तो तंबोऱ्यात असा मिसळला की वेगळा ऐकूच येईना. पंतांचा गळा भरून आला आणि सूर निसटला. आनंदही मेला वेळ बघून येत नाही. पुन्हा लावला, लागेना. बाहेर तांगेवाला ओरडू लागला.

"मघाशी लागला होता ना हो?" पंतांनी विचारलं.

"लागला होता, पंत," पद्माताई म्हणाल्या. "पण तिथे हे कुणाला विचाराल?"

 विमलनं हाक मारली, तसे पंत उठले.