खंडेनवमीची सोनेरी रायफल

नवऱ्याच्या रायफलीला मी सोनेरी रंग फासला, हा माझा मूर्खपणा. आता आजी झालेय, लाज उरली नाही, म्हणून सांगते. रायफल खरी नव्हे, प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी. जपानात त्सुकुबाला राहायचो तेव्हा दर रविवारी आमचे हे संशोधन संस्थेतल्या चार जपानी सहकाऱ्यांबरोबर रानात लढाई-लढाई खेळायला जात. पन्नाशीचे शास्त्रज्ञ, अंगात चट्ट्यापट्ट्यांचे कपडे! आठवडाभर मी घरात भिंतींशी बोलायची, आणि हे रविवारीही झुडपांत.

रायफलीवर ह्यांनी हिरवा-तपकिरी स्प्रे मारला होता. त्या चौघांनी नेच्याचं एकेक पान दाबून धरलं, ह्यांनी वरून रंग उडवला. ठसे उमटले. मला विचाराल तर बुरशी आल्यासारखे दिसायचे.

खंडेनवमीला मी पूजेत सुरी, कात्री, लॅपटॉप मांडला. मग म्हटलं, घरात एवढं शस्त्र असताना ते बॅगेत का? शंभर येनच्या दुकानातून स्प्रे आणला आणि बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून रायफल नळीपासून दस्त्यापर्यंत मढवली. दसऱ्याचं सोनं! भक्तीनं केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. भक्ती कसली? सोन्याची बंदूक घेऊन झुडपात कोण लपणार, एवढी अक्कल मला होती.

“अहो, दर्शन घ्या,” मी म्हटलं.

ह्यांनी खरंच हात जोडले. “छान. रविवारी टीमला काय सांगू? देवी प्रसन्न झाली म्हणून?”

पण हसले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस घेऊन बसले. सोनेरी निघालं. खालची पानंही निघाली. तरी घासतेच आहे! बोटांना चिकट लागलं तेव्हा कळलं, प्लॅस्टिकच विरघळतंय. ज्याचा जन्म प्लॅस्टिकच्या संशोधनात गेला, त्याच्याशी पंचवीस वर्षं संसार करून बाईसाहेबांना एवढंही ठाऊक नव्हतं.

रायफल बिघडली, एवढंच ह्यांनी टीमला कळवलं. टीमनं दुसरी देऊ केली. हे गेले नाहीत. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. फोन आला की वाकून वाकून नकार द्यायचे, मग फोनही थांबले. मला हवे तसे रविवार मिळाले. समोरासमोर बसून आम्ही मुकाट्यानं पोहे खायचो. भिंती बऱ्या होत्या.

शेवटी मीच चिडले. “एका खेळण्यासाठी एवढा रुसवा? नवी आणा की!”

ह्यांनी बशी खाली ठेवली.

“नवी आणीन गं. पण ‘तुमची पानं बायकोनं पुसली’ हे त्या चौघांना कुठल्या तोंडानं सांगू? वीस वर्षं संस्थेत सगळे माझ्याशी अदबीनं बोलतात. रानात मात्र ते ओरडायचे, ‘अरे गाढवा, खाली वाक!’ या देशात तेवढे चौघेच मला अरे-तुरे करायचे.”