किटलीला पस्तीस गुण

बायकोचं उजवं मनगट मोडलं ते स्वयंपाकघरात, ओट्यासमोर सांडलेल्या पाण्यावरून घसरून. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तीही भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगायची. "गाडीवरून पडले नाही हं," असं म्हणून मग बाकीची हकिकत. कॉलेजपासून पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या बाईला हाडाआधी ही गोष्ट जपायची असते.

प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक झाला होता आणि मनगट अर्धंच वळत होतं. स्कूटरचा ॲक्सिलरेटर उजव्या मनगटानं पिळायचा असतो. तो पिळता येईना, म्हणून बिबवेवाडीतल्या आमच्या घरापासून ती शिकवते त्या शाळेपर्यंत रोज सकाळी मी तिला तिच्याच स्कूटरवरून सोडू लागलो. मी सिग्नल पिवळा झाला की थांबतो. ती मागून म्हणायची, "गेला असता हा." पुढच्या चौकात, "हाही गेला असता." शाळेच्या दारात उतरताना ती घड्याळाकडे बघायची आणि मग माझ्याकडे. हात बरा व्हायला हवा होता हे तर खरंच, पण तिला घाई होती ती माझ्या मागून उतरण्याची.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला दाबायला एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. ती तो दोनदा दाबायची, मग तो हातातून निसटून सोफ्याखाली जायचा आणि मी वाकून काढायचो. व्यायाम झाला तो माझ्या कमरेचा. ती हात मांडीवर ठेवून बसून राहायची, परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

तोडगा मुलीनं काढला. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिचा गेमिंग कन्सोल आमच्या टीव्हीखाली राहिला होता. मी त्याच्यावर नेमानं फडकं मारत असे, तेवढाच आमचा संबंध. फोनवर ती म्हणाली, "बाबा, आईला कंट्रोलर दे ना हातात. थंबचा एक्सरसाइज होईल, बोअर पण नाही होणार."

बायकोनं लगेच अट घातली. "मारामारी नको. लहानपणी शेजाऱ्यांकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, तसला हवा. धावायचं आणि उडी मारायची. दुसरं काही नाही."

मॅडमनी परवानगी दिली. "दुखलं की थांबायचं. माझे व्यायाम सोडायचे नाहीत. पण खेळा, बोटं कामात गुंतली की मनगटाची भीती जाते."

अशा गेमना प्लॅटफॉर्मर म्हणतात, हे मुलीनं सांगितलं. पडद्यावर फळ्या असतात, एकीवरून दुसरीवर उडी मारत जायचं, पडलं की पुन्हा सुरुवात. चांगला प्लॅटफॉर्मर शोधण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. तिथे तीन कोटेशनं आणि तुलनातक्ता झाल्याशिवाय आम्ही स्क्रूसुद्धा घेत नाही. बायकोला म्हटलं, "आधी मी बघतो, मग तू खेळ." त्या वेळी हे वाक्य मला जबाबदारीचं वाटलं होतं.

कन्सोलमध्येच दुकान असतं. त्यात प्लॅटफॉर्मर शोधले तर संपता संपेनात. सगळ्यांना जवळपास सारखेच तारे. खाली लोकांची मतं: एकाचं आयुष्य बदललं होतं, दुसऱ्याला रडू आवरलं नव्हतं. 'बरा आहे' असं एकानंही लिहिलं नव्हतं. आमच्याकडे पंगतीत कोणी 'बरं झालंय' म्हणालं तर आचारी खूश होतो. या दुकानात त्या पातळीच्या माणसाला मत द्यायला जागाच नव्हती.

दुकानावर विश्वास बसेना म्हणून एका संध्याकाळी ऑफिसातून थेट बुधवार पेठेत गेलो. तिथे गेमच्या डिस्क विकणारं एक छोटं दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे, काउंटरमागे स्टुलावर बसलेले.

"चांगला प्लॅटफॉर्मर हवाय."

"मुलाचं वय?"

"मुलगा नाही. बायको."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चांगला म्हणजे?"

"उडी चांगली असलेला."

"ते खेळल्यावर कळतं."

"मग जरा लावून दाखवता?"

"अहो, ही काय साडी आहे, घडी मोडून दाखवायला?" एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी बाहेर पडलो. त्यांचं पहिलं वाक्य मात्र बरोबर होतं. खेळल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून मी खेळू लागलो.

दुकानातल्या पुष्कळ गेमचा सुरुवातीचा तुकडा फुकट खेळून बघता येतो. मी शंभर गुणांची परीक्षा ठरवली. साठ गुण उडीला: बटण दाबलं की त्याच क्षणी पाय सुटले पाहिजेत आणि पडलो तर ती माझी चूक असली पाहिजे, गेमची नाही. उरलेले गुण सोफ्यावरून वाचता येतील अशा अक्षरांना, पडल्यावर फार मागे न पाठवण्याला आणि कमी बोलण्याला.

त्या कमी बोलण्यावरच बरेचसे नापास झाले. एका गेममध्ये नायकाचा गाव जळतो, गुरू मरतो, एक म्हातारा खांब भविष्य सांगतो आणि मग कुठे पहिली फळी दिसते. दुसरा पूर्ण काळापांढरा आणि इतका दुःखी, की उडी मारायला सांगणंच क्रूरपणाचं वाटावं. एकाची जाहिरातच होती की तुम्ही शेकडो वेळा मराल. तो मी उघडलाच नाही. एकात कॅमेरा नायकाभोवती असा फिरत होता की मला लिंबू चोखावं लागलं. आणखी एक होता किटलीचा. चहाची किटली स्वयंपाकघराच्या फळ्यांवरून उड्या मारत जाते आणि पडली की शिट्टी वाजवते. उडी चांगली होती, पण चित्रं बालिश, शिट्टी कर्कश आणि प्रौढ स्त्रीला हे काय दाखवायचं, असा विचार करून मी उडीचेही गुण कापले आणि किटलीला पस्तीस दिले.

बायको शेजारी बसून हे बघायची. चेंडू तिच्या मांडीवर.

"तुम्ही गेम शोधताय की स्थळ बघताय?"

"घाईनं निवडून उपयोग नाही."

"कळतंय. मुलीच्या बापानंही इतकं बघितलं नसतं. माझ्या बापानं तर नाहीच."

एव्हाना मी एका कोल्ह्याच्या गेममध्ये दुसऱ्या जगात, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, पोचलो होतो. हा अंतिम यादीतला उमेदवार होता, म्हणून फुकटचा तुकडा शेवटपर्यंत तपासणं भाग होतं. कोल्हा भिंतीला पाय लावून उलटी उडी मारायचा. ती मला पाच-सहा दिवसांत जमली, आणि जमली तेव्हा मी बायकोकडे वळून पाहिलं. ती वर्तमानपत्र वाचत होती.

पुढच्या भेटीत मॅडमनी तिचं मनगट धरून वळवलं. ते आधीच्या जागीच अडलं. त्यांनी पुन्हा करून पाहिलं.

"खेळताय ना रोज?"

"हे खेळतात," बायको म्हणाली. "मी बघते. अजून निवड चालू आहे."

मॅडमनी माझा हात मागितला. का ते कळलं नाही, पण दिला. त्यांनी अंगठा दाबून पाहिला. "यांची पकड छान आहे," असं म्हणून त्यांनी माझा हात मला परत केला. मग बायकोकडे वळून साध्या आवाजात सांगितलं, "आता हे मनगट हलवलं नाही तर ते इथेच घट्ट होईल. मग गाडीचं विसरायचं."

घरी येताना मी पिवळ्या सिग्नलला थांबलो. मागून काही आलं नाही. पुढच्या चौकातही नाही. मी आरशात पाहिलं. ती उजवा हात डाव्या हातात धरून रस्त्याकडे बघत होती. त्या दिवसापर्यंत मला तिचं बोलणं नकोसं वाटत होतं.

घरात शिरल्यावर तिनं पर्स ठेवली आणि कंट्रोलर उचलला. "ती किटली कुठेय?"

"अगं, तो नापास झालाय. कोल्हा बघ, कोल्ह्याला अठ्ठ्याऐंशी आहेत."

"मला पस्तीसवालीच हवी. पस्तीसला पास असतं आमच्या शाळेत."

किटली पहिल्या फळीवरून पडली. शिट्टी वाजली. दुसऱ्यांदा पडली, शिट्टी वाजली. अंगठा बटणापर्यंत पोचायला वेळ लागत होता आणि तोवर फळी संपत होती. मला राहवेना.

"थोडं आधी दाब. आधी."

"मी गाडीवर मागे बसून बोलते त्याचा सूड घेताय का?"

तिला मधूनच कळ आली, तेव्हा तिनं कंट्रोलर खाली ठेवला, हात झटकला, पाणी प्यायलं आणि पुन्हा घेतला. चेंडूच्या बाबतीत हे पुन्हा घेणं कधी झालं नव्हतं. किटली मसाल्याच्या डब्यांवरून मिक्सरवर पोचली तेव्हा बायकोचा खांदा, कोपर, मनगट सगळंच तिकडे कललं. उडी लांब पडावी म्हणून माणूस उगाचच हात वळवतो, त्यानं किटली पुढे जात नाही. पण तिचं मनगट गेलं. मी ते पाहिलं आणि तिला सांगितलं नाही, नाहीतर तिनं वळवणं थांबवलं असतं.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात चहाच्या वेळी दोन किटल्या वाजत होत्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "गॅस बंद करायला विसरता का हो रोज?" मॅडमनी दिलेले व्यायामही आता होऊ लागले, कारण ते केल्याशिवाय कंट्रोलर हातात घ्यायचा नाही, असा नियम तिनंच स्वतःला घातला होता. कोल्ह्याचा गेम मी दरम्यान विकत घेतला. अर्धवट सोडणं बरं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मॅडमच्या होकारानंतर ती स्कूटरची किल्ली घेऊन खाली उतरली. मी आपल्या नेहमीच्या जागेकडे, पुढच्या सीटकडे निघालो.

"मागे," ती म्हणाली.

"आधी पार्किंगमध्ये दोन चकरा मारून बघ."

"मॅडमनी कालच मारून घेतल्यात, त्यांच्या गल्लीत, त्यांच्याच गाडीवर. बसा."

मी हेल्मेटचा पट्टा आवळून मागे बसलो. तिनं मनगट वळवलं, पूर्ण वळलं, आणि आम्ही निघालो. पहिला सिग्नल पिवळा होता आणि आम्ही त्यातून गेलो. पुढे रस्ता खणलेला होता, एक खड्डा, मग पत्रा टाकलेला चर, मग आणखी एक खड्डा. ती एकामागून एक चुकवत होती, आणि जे चुकत नव्हते ते अंगावर घेत होती. मी एका हातानं तिची कंबर धरली होती.

चौकातल्या गतिरोधकानंतर ती मान न वळवता म्हणाली, "अहो, अंगठा काढा. तिथे बटण नाहीये."