दुसऱ्या ओळखीचा बिघाड

माझी बहीण दोऱ्याची गाठ कधी कापत नाही. बांधून आलेला पुडा असो की बुटाची नाडी, ती खुर्ची ओढून बसते, नखानं गाठ सैल करते आणि दोरा गुंडाळून डब्यात ठेवते. लहानपणी आमच्या पोटात कावळे ओरडत असायचे आणि ताईचं हे असं चाललेलं असायचं. बाबा म्हणायचे, "या पोरीच्या हातात खाऊचा पुडा देऊ नका रे, उद्यापर्यंत उघडायचा नाही." या सवयीवर तिचं पोट भरेल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल!

ताई ड्रायव्हर लिहिते. मशीन आणि त्यात बसवलेलं कार्ड या दोघांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. मशीन चालू झालं की तो खणाखणात डोकावून कोण आलंय ते बघतो आणि ओळख पटली की मशीनला कळवतो. त्या डोकावण्याला प्रोब म्हणतात. ताईच्या कंपनीची अशी मशीनं, ती त्यांना डबेच म्हणते, पाणी चढवायच्या पंपांवर बसवलेली असतात. टाकीत पाणी किती आहे ते नेटवर्कच्या कार्डातून मुख्य ऑफिसला कळवत राहायचं, एवढंच त्या डब्यांचं काम.

ऑफिसात तिला मास्तरीण म्हणतात, कारण ती चूक दाखवते आणि ती सुधारेपर्यंत शेजारी उभी राहते. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" म्हणायची, आणि लोक हसायचे. मला ते खरंच वाटत आलंय.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करायचो. बाबांना झटका आला, अर्धं अंग गेलं, आणि तेव्हापासून मी घरात. त्यांना बोलता येत नाही. पलंगाच्या दांडीवर स्टीलची वाटी आपटतात, की मी जायचं. पाणी हवं असलं तरी वाटी, कूस बदलायची असली तरी वाटी, आणि काहीच नको असलं, नुसतं मी आहे ना एवढं बघायचं असलं तरी वाटीच. दाढीची ब्लेड आणायला कोपऱ्यावर जायचं तर शेजारच्या मावशींना हाक मारावी लागते. वडील आहेत, करायलाच हवं, हे मला कुणी शिकवायला नको. पण आंघोळ करताना नळाच्या आवाजातही वाटी ऐकू यायला लागली, तेव्हा मला स्वतःची भीती वाटली.

मग दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीनं मला बोलावलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या सगळ्या लिफ्ट माझ्या हाताखाली. दोन महिन्यांची मुदत दिली; ती संपली की सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे, असं स्वच्छ सांगितलं. ताई म्हणाली, "तू जा. मी नोकरी सोडून घरी येते. आता माझी पाळी." तिनं राजीनामा दिला. साहेबांनी तो मंजूरही केला, पण अट घातली की हातातला बिघाड मिटवायचा आणि मगच जायचं. त्या कार्डाचं तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

फोन केला की एकच उत्तर. "शोधतेय रे. मिटला की निघते." आठवड्यामागून आठवडे तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुदत संपत आली तेव्हा, गुरुवारी मावशींच्या हातापाया पडून बाबांना त्यांच्या स्वाधीन केलं आणि सरळ ताईच्या ऑफिसात जाऊन थडकलो. तिला हाताला धरूनच आणायचं, एक घाव दोन तुकडे, असं ठरवून.

तिची खोली तळघरात आहे. खिडकी नाही. एका भिंतीला फळ्या, त्यांवर उघडे पडलेले डबे, वायरी, पंखे. ताईनं गळ्यातलं ओळखपत्राचं कार्ड दाराला दाखवलं तेव्हा दार उघडलं, आणि आम्ही आत गेल्यावर ते मागे खट्‌कन बंद झालं. बाहेर जायलाही तेच कार्ड लागतं. म्हणजे मी भांडून तरातरा निघून जायचं म्हटलं तरी आधी तिलाच "दार उघड" म्हणायची पाळी. माझा अर्धा राग तिथेच फुकट गेला.

"बस," ती म्हणाली. "चहा आणू?"

"चहा नको. बॅग भर."

"बाबा कसे आहेत?"

"वाटी वाजवतायत. ताई, सोमवारी मी तिथे नसलो तर ती नोकरी गेली. परत कोण बोलावणार आहे मला?"

"माहीत आहे रे मला."

"मग अडलंय कुठे? मला समजेल असं सांग."

ती डब्याकडे वळली आणि तिनं कार्डाची पट्टी हळूच बाहेर ओढली. कार्डावरचा हिरवा दिवा गेला. पट्टी परत आत सारली, दिवा लागला. पण स्क्रीनवर ओळ आली की खणात कार्ड नाही.

"हे बघ. दिवा लागलाय, कार्ड धडधाकट आहे आणि ड्रायव्हर म्हणतो, कुणी नाही. पंपावर वीज दचकली की कार्ड असं क्षणभर जातं आणि परत येतं. ड्रायव्हर पुन्हा प्रोब करतो आणि हे असं होतं. मग ऑफिसला पाणी दिसत नाही. पंपावरचा माणूस उन्हातून चालत जातो, डबा बंद करून चालू करतो, की सगळं सुरळीत."

"इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही?"

"दिसणार कसं? आमच्याकडे रीतच तशी आहे. तक्रार आली की आधी बंद करून चालू करायचं. चाललं तर तक्रार मिटली. आणि बंद-चालू केलं की हा बिघाड पुसला जातो. म्हणजे प्रत्येक तक्रार आम्हीच आमच्या हातानं पुसत होतो."

मला हसू आलं, कारण आमचे लिफ्टवालेही नेमके हेच करतात. मग मी माझी अक्कल पाजळली. "एवढंच ना? मग डब्याला आपणहून बंद-चालू व्हायला लाव. पंपावरच्या माणसाची पायपीट वाचेल, साहेब खूश होतील, तू मोकळी."

"आणि डबा बंद आहे तेवढ्यात टाकी भरून वाहिली तर?"

"वाहू दे."

"नाही हं," ती म्हणाली. ते "हं" मला पाळण्यापासून ओळखीचं आहे. त्याच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नसतो.

"मग बिघाड आहे तरी काय?" मी विचारलं.

"ड्रायव्हरला मशीन एक निरोप देतं. आम्ही त्याला डिव्हाइस आर्ग्युमेंट म्हणतो. त्यात असतं, कार्ड कुठे आहे ते शोध. पहिल्या वेळी ड्रायव्हर इमानदारीनं शोधतो. पण सापडल्यावर तो शहाणा त्या निरोपातच उत्तर लिहून ठेवतो, की कार्ड अमुक जागी आहे; जागा म्हणजे खण नव्हे, मशीननं कार्डाला दिलेला नंबर. कार्ड गेलं की ती जागा मोडते, मशीन ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकतं. कार्ड परत येतं, त्याला नवी जागा मिळते. मशीन तोच निरोप पुन्हा हातात ठेवतं. ड्रायव्हर बघतो तर उत्तर आधीच लिहिलेलं. मग तो शोधतच नाही. जुन्या जागी जातो, तिथे भलतंच काहीतरी, आणि येऊन सांगतो, नाही."

"डोक्यावरून गेलं," मी म्हणालो.

"असं बघ. तुला सांगितलं, बाबांचा चष्मा शोध. तू घरभर शोधलास, उशीखाली मिळाला. उद्या परत सांगितलं तर तू शोधत नाहीस. सरळ उशीखाली हात घालतोस आणि म्हणतोस, चष्मा हरवला."

"मी अगदी असंच करतो."

"म्हणून सांगितलं. ड्रायव्हरनं निरोपात काही लिहायचंच नाही. आधी नक्कल करून घ्यायची, काय गिरवायचं ते नकलेवर गिरवायचं. मूळ निरोप कोरा राहिला की दर वेळी तो नव्यानं शोधेल."

ती टेबलाशी टेकली. खुशीत होती. मला कळलं होतं, आणि मला कळल्याचा तिला आनंद झाला होता. आणि तेवढ्यात मला एक गोष्ट खटकली.

मला बिघाड सापडलेला नसतो तेव्हा मी फार बोलतो. मोटर असेल, ब्रेक असेल, वायर असेल, हात हलवून हलवून सांगतो. सापडला की माझं बोलणं आखूड होतं. ताईच्या बोलण्यात एकही "असेल" नव्हता. काय बिघडलंय तेही तिला ठाऊक होतं आणि काय करायचं तेही.

"ताई," मी म्हणालो, "हे तुला कधी सापडलं?"

ती डब्याचा स्क्रू फिरवू लागली. तो आधीच घट्ट होता.

"कधी सापडलं?"

"झाले बरेच दिवस."

"आणि दुरुस्ती?"

"लिहून तयार आहे. चार ओळींची तर आहे. पाठवली नाही."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मोठ्या बहिणीला बोलू नये असं सगळं बोललो. मी तिकडे खोलीत सडतोय आणि तू इथे खोटं बोलत बसलीस, म्हणालो. ती पंपावरची माणसं तुझ्यापायी उन्हात पायपीट करतायत, म्हणालो. त्यावर तिनं डोळे मिटून घेतले. मग मी तडक दाराकडे गेलो, दार ढकललं, आणि अर्थातच ते उघडलं नाही. कपाळ दाराला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मावशी होत्या. मागे वाटी वाजत होती. "अरे, बाबा ऐकेनात. कधी येतोस?" येतो म्हणालो आणि ठेवला. वाटीचा आवाज ताईनंही ऐकला होता.

"हाच आवाज ना?" ती म्हणाली. "आईच्या वेळी घंटी होती. पितळेची. मी फेकून दिली नंतर."

"कसली घंटी?"

"तू लहान होतास. तुला शाळेतून आल्यावर आई झोपलेली दिसायची, कारण तू यायच्या आधी मी तिचं सगळं उरकून ठेवायचे. माझ्या मैत्रिणी कॉलेजात जायच्या, मी खिडकीतून बघायचे. बाबा दुकानात. तीन वर्षं रे. तिला नेलं त्या दिवशी मी त्या खोलीतून बाहेर पडले, आणि मला रडू यायच्या आधी बरं वाटलं. कुणाला सांगणार हे? आता दार उघडलं की परत तीच खोली. इथे निदान मला हाका मारणारा डबा आहे, माणूस नाही. म्हणून एक दिवस थांबले. मग अजून एक. पंपावरच्या त्या माणसांचं मनातून जात नाही. रोज पाठवायला बसते आणि हात आखडतो."

मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. आई आजारी होती एवढं माहीत होतं. तिचं कोण करत होतं हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता. आता ताईची पाळी, असं मी तोंड वर करून घरभर म्हणत फिरलो होतो, आणि तिची पाळी माझ्या आधीच होऊन गेली होती. राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं, कारण राग तिच्यावर काढता येत होता.

"राहू दे," मी म्हणालो. "मी नाही जात. कळवतो त्यांना."

"गप," ती म्हणाली. "दोघं मिळून एकाच खोलीत बसायचंय का?"

ती स्क्रीनसमोर बसली. चार ओळी मला दाखवल्या, मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. नवा ड्रायव्हर डब्यात घातला. कार्डाची पट्टी ओढली, दिवा गेला. पट्टी सारली, दिवा लागला. क्षणभर काहीच नाही, आणि मग स्क्रीनवर ओळ आली की कार्ड सापडलं. तिनं परत ओढली, परत सारली, कितीतरी वेळा. दर वेळी सापडलं. डबा एकदाही बंद करावा लागला नाही. मग तिनं एक बटण दाबलं, आणि बसल्याजागी तिचे खांदे खाली आले.

"गेलं?"

"गेलं. उद्यापासून कुणाला पंपावर चालत जायला नको."

साहेबांना फोन करून तिनं सांगितलं, बिघाड मिटला, मी निघते. साहेब तिकडून बरंच काही छान छान बोलत असावेत, कारण ती नुसती "हो, हो" करत होती. टेबलावरचा कप, पेन्सिली आणि एक स्वेटर एवढंच तिचं सामान. ते पिशवीत घातलं, कार्ड दाराला दाखवलं, दार उघडलं. तिनं ते कार्ड बाहेरच्या टेबलावर ठेवलं. आता तिला आत जाता येणार नव्हतं.

जिन्यात ती माझ्या पुढे होती. मधल्या पायरीवर थांबली आणि मागे न बघता तिनं विचारलं, "बाबांची कुठली बाजू गेलीय रे? हॉस्पिटलात मी काचेतूनच बघितलं. आईला मी उजवीकडून वळवायचे, म्हणून विचारते."

"डावी," मी म्हणालो. "त्यांनाही उजवीकडूनच वळवायचं. खांदा आधी, मग कंबर. घाई केली तर ओरडतात."

ती मान हलवत एकेक ऐकत होती आणि मी सांगत सुटलो, औषधं, पाणी, वाटी, सगळं. सांगता सांगता मला हलकं वाटायला लागलं. तिच्या पाठीकडे बघत मी जिना चढत होतो, आणि मला फार लाज वाटत होती, आणि तरी मी सांगायचा थांबलो नाही.